नऊ काड्या, तेवीस रिपोर्ट

दिनांक नऊ ऑगस्ट २०२१, सोमवार. ठिकाण आरोग्य कार्यालय. रक्कम चोवीस रुपये, म्हणजे बारा पानांच्या नकला, पानामागे दोन रुपये. हजर माणसे चार: मी, माझी बायको, नकला देणारा कारकून, आणि कपाटाला टेकून चहा पीत उभा असलेला तो, ज्याच्या सहीचे ते कागद होते.

"काका, चोवीस रुपयांत किलोभर आलू आले असते," तो म्हणाला.

बायको म्हणाली, "आलू आहेत आमच्या घरी. हे कागद नव्हते."

कारकून हसला. सहीवाला हसला नाही. कप खिडकीत ठेवून म्हणाला, "काढा जी काका, काय काढता त्याच्यातून. आमी भी पाहू."  पावतीवरचा शिक्का नीट उमटला नव्हता, तो पुन्हा मारून घेतला आणि बाहेर आलो. बायको त्या दिवशी मुद्दाम सोबत आली होती. मी रागाच्या भरात काही बोलून बसेन, अशी तिला भीती होती. तिला माझा राग माहीत होता, पण तो कोणत्या जातीचा आहे हे तेव्हा मलाही नीट माहीत नव्हते.

सायकल स्टँडजवळ उभा राहून मी बाराही पाने वाचली. एका पानावर तपासणीचे दोन अर्ज, शेवटच्या पानावर एक, एकूण तेवीस. पाचव्या पानावर मला हवे होते ते सापडले. सहाव्या पानावर जे सापडले त्याची मी कल्पनाही केली नव्हती. पाने घडी न करता प्लास्टिकच्या पिशवीत घातली, पिशवी शर्टाच्या आत ठेवली, घरी दाखवतो म्हणून बायकोला मागे बसवले आणि मोटरसायकलला किक मारली.

मी न्यायासाठी भांडलो असे आता काही लोक म्हणतात. त्यांचे म्हणणे मी खोडत नाही, पण ते खरे नाही. मला सूड हवा होता. त्या माणसाने चारचौघांत, स्वतःच्या तोंडाने एक वाक्य बोलावे एवढेच मला हवे होते: दहाव्या माणसाची तपासणी आम्ही केली नव्हती. त्यासाठी वीस महिने लागले. त्या वीस महिन्यांत एकही दिवस असा गेला नाही की मी त्याचे तोंड डोळ्यांसमोर आणले नाही.

आता पहिल्यापासून सांगतो.

मी वरठीजवळच्या एका भात-गिरणीत वजनकाट्यावर आहे. ट्रक रिकामा तोलायचा, भरून तोलायचा, फरक लिहायचा. एकवीस वर्षे हेच काम. काट्यावरचा आकडा थरथरत असतो तोवर पेन उचलायचे नाही, आणि जो ट्रक मी स्वतः काट्यावर पाहिला नाही त्याच्या पावतीवर सही करायची नाही, हे दोन नियम मला पहिल्या मालकाने शिकवले. ते मी घरातही पाळतो. बायको म्हणते, "तुमच्या घरात मीठ भी तोलून टाकावं लागते."

दुसऱ्या लाटेच्या एप्रिलमध्ये सगळे बंद झाले तेव्हा स्टेशनच्या मालधक्क्याच्या छपराखाली आणि बाहेरच्या पिंपळाखाली बरीच माणसे अडकून राहिली. काही आधीपासूनच तिथली होती, काही गाड्या कमी झाल्यामुळे थांबलेली. आमच्या आणि शेजारच्या दोन गिरण्यांनी तांदूळ दिला, डाळ वर्गणीतून आली, आणि दुपारी एक वेळ खिचडी वाटायचे ठरले. वाटप माझ्याकडे आले, कारण हिशेब माझ्याकडे होता. शंभर रुपयांचा तांदूळ कुठे गेला हे विचारणारे लोक शंभर असतात. म्हणून मी वही घातली. पानाच्या वर लिहिले, "पत्रावळी", आणि खाली एकेकाची नोंद.

नावे लिहिता येत नव्हती. कोणी नाव सांगत नसे, कोणी आज एक आणि उद्या दुसरे सांगे. मग मी खुणा लिहिल्या. लाल स्वेटर.  दोन काठ्या. गोंदियाची आजी. शेवटच्या ओळीवर पोतेवाली. दहाव्या ओळीवर छत्रीवाला.

छत्रीवाला साठीचा असेल. छत्र्या, टॉर्च आणि पेटीची कुलपे दुरुस्त करायचा. उन्हाळ्यात त्याला धंदा नसे. गाव विचारले तर म्हणायचा, "गाव पाण्याखाली गेलं भाऊ. धरणाच्या पाण्यात. आता मासोऱ्या राहतात तिथं." हे तो दुःखाने सांगत नसे, पत्ता सांगावा तसे सांगे. पहिल्याच दिवशी त्याने दुसरी पत्रावळ मागितली.

"एकाले एकच," मी म्हणालो.

"माह्यासाठी नाही भाऊ. माह्यासोबतचा आहे ना."

त्याच्यासोबत एक पिवळा कुत्रा होता, एक कान अर्धा तुटलेला. लाल स्वेटरवाला मागून ओरडला, "कुत्र्याले पंगतीत बसवता का बे आता!" छत्रीवाला म्हणाला, "तू बसला ना, मंग तो काहून नाही?" सगळे हसले. मी दुसरी पत्रावळ दिली. आणि दिली म्हणून लिहिलीही. अकराव्या ओळीवर "छत्रीवाल्यासोबतचा, एक". वर पत्रावळी असे लिहिले होते, तर पत्रावळी मोजायला हव्या होत्या. अशा रीतीने माणसे बावीस आणि पत्रावळी तेवीस झाल्या.

आठवडाभराने तो आला, पुढे कपाटाला टेकून चहा पिणारा तोच. बेघर लोकांचीही तपासणी करा असा वरून आदेश होता आणि त्यासाठी कंत्राटी पथक नेमले होते. तो पथकाचा प्रमुख. वय तिशीच्या आतले, बोलायला गोड, मास्क हनुवटीवर. मी खिचडीचे पातेले उतरवत होतो.

"काका, तुमच्यापाशी या लोकाइची यादी आहे म्हणते."

"आहे."

"लय भारी काम केलं तुमी. आमचं अर्धं काम वाचलं." त्याने वहीच्या पानाचा मोबाईलवर फोटो काढला. मग म्हणाला, "ह्यायच्यापाशी मोबाईल नाही. आणि ॲपमधी नंबरचे दहा आकडे टाकल्याबिगर पुढचं पान उघडत नाही. तुमचाच नंबर टाकू का?"

मी म्हणालो, टाका. त्याचा मला पश्चात्ताप नाही. तो नंबर नसता तर मला काहीच कळले नसते.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला जीप आली. फलक लावला, टेबल मांडले, फोटो काढले. यादीच्या क्रमाने मी एकेकाला हाक मारली आणि रांग लावली. नाकात काडी घालायची, ती नळीत घोळायची, पट्टीवर थेंब टाकायचे, पंधरा मिनिटे थांबायचे. गिरणीत जसे पोते मोजतो तशा मी काड्या मोजल्या. नऊ झाल्या. छत्रीवाला दहावा होता. दोन दिवसांपासून त्याला खोकला होता. एक तार तुटलेली छत्री त्याने स्वतःवर कमी आणि कुत्र्यावर जास्त धरली होती.

तेवढ्यात रांगेच्या शेवटी पोतेवाली उन्हाने खाली बसली. मी बाटली घेऊन स्टेशनच्या नळावर गेलो. नळाला धार बारीक होती. घड्याळात पाहिले होते म्हणून सांगतो, जाताना अकरा वाजून बावीस मिनिटे, परत आलो तेव्हा अठ्ठावीस. सहा मिनिटे. परत आलो तर टेबल जीपमध्ये चढत होते.

"काय झालं?"

"बाकीच्याइचं उद्या करू काका."

नऊपैकी दोघांच्या पट्टीवर दोन रेषा आल्या होत्या, लाल स्वेटर आणि दोन काठ्या. त्यांना त्याच दुपारी गाडीने एका वसतिगृहात काढलेल्या उपचार केंद्रात नेले. सतरा दिवसांनी दोघेही चालत परत आले. ही गोष्ट मी मुद्दाम लिहितो आहे. ज्यांच्या नाकात काडी गेली ते परत आले.

संध्याकाळी पाचच्या सुमारास माझा फोन वाजायला लागला. बायको म्हणाली, "कोणाचा वाढदिवस आहे का जी?" एकामागून एक तेवीस मेसेज आले. दोन पॉझिटिव्ह, एकवीस निगेटिव्ह. मी वहीत लिहिले: काड्या नऊ, रिपोर्ट तेवीस. मग फोन लावला.

"अहो, तुम्ही नऊच केल्या ना?"

"काका, टार्गेट असते. दिवसाचे चाळीस."

"पण बाकीचे तपासले नाहीत ना."

"निगेटिव्हच टाकले ना जी त्यायले? वाईट तर नाही टाकले. तुमाले कायचा त्रास आहे?" आणि मग, जरा हसून, "तुमी खिचडी सांभाळा."

उद्या करू म्हणाला होता. उद्या आला नाही, परवा आला नाही.

तिसऱ्या दिवशी छत्रीवाल्याने पत्रावळ घेतली आणि सगळीच कुत्र्यापुढे ठेवली. अंग तव्यासारखे तापले होते. चौथ्या दिवशी त्याला बोलताना दम लागू लागला. मी गिरणीचा छोटा टेम्पो मागून घेतला आणि त्याला मागे पोत्यांवर झोपवून त्याच वसतिगृहाच्या दाराशी नेले. दारात टेबल टाकून एक नर्सबाई बसली होती, शेजारी संगणकावर एक मुलगी. तिने माझा नंबर टाकला.

"ह्या नंबरवर तेवीस आहेत. दोन भरती आहेत, बाकी सगळे निगेटिव्ह."

"ह्याची तपासणी झालीच नाही."

"झाली म्हणून दाखवते ना काका."

नर्सबाई चांगली होती. टेम्पोजवळ येऊन तिने त्याच्या बोटाला यंत्र लावले आणि तिचा चेहरा बदलला. म्हणाली, "निगेटिव्हवाल्याला मी पॉझिटिव्हच्या खोलीत टाकू शकत नाही. पुन्हा तपासायला आज किट नाही, सोमवारी येणार. पण तुम्ही लिहून द्या की याची तपासणी झालेली नाही, तुमच्या डोळ्यांदेखत. मग बिना-रिपोर्टचा संशयित म्हणून वेगळ्या खोलीत घेते. एक ओळ लिहून द्या."

तिने कागद पुढे केला. पेनही दिले.

मी लिहिले नाही.

हे मी आजवर तीन ठिकाणी सांगितले आहे, हे चौथे. मला ती सहा मिनिटे आठवली. मी नळावर होतो. तेवढ्यात दहावी काडी निघाली असेल तर? मी टेम्पोत वाकून त्याला विचारले, "तुमच्या नाकात काडी घातली होती का?"

"नाही भाऊ. माहा नंबर आला तं त्यायनं पेटी बंद केली."

"नक्की?"

त्याने माझ्याकडे पाहिले. "आता नाकातलं मी विसरीन का?"

तो सांगत होता, आणि तरी मी स्वतः पाहिले नव्हते. 'डोळ्यांदेखत' या शब्दावर माझे पेन अडले. एकवीस वर्षे न पाहिलेल्या ट्रकवर सही केली नव्हती. आणि हेही खरे, की पथकावर लेखी आरोप केला तर उरलेल्या माणसांसाठी ते पुन्हा येणार नाहीत असे मनात आले. दोन्ही कारणे होती. मी नर्सबाईला म्हणालो, सोमवारी आणतो. तो शुक्रवार होता. ती म्हणाली, "सोमवार दूर आहे, भाऊ." मी टेम्पो वळवला.

छत्रीवाला रविवारी सकाळी गेला. ग्रामपंचायतीच्या ट्रॅक्टरवर नेले. दहनाला आम्ही चौघे होतो आणि कुत्रा होता. नोंदीत लिहिले गेले: अज्ञात पुरुष, अंदाजे साठ, ताप व अशक्तपणा. साथीचे नाव लावायला जागाच नव्हती, कारण रिपोर्ट निगेटिव्ह होता. कुत्रा माझ्या मोटरसायकलमागे घरापर्यंत आला. बायकोने एकदा त्याच्याकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिले आणि ताटली आणायला आत गेली.

त्यानंतर मी माझ्यावर रागावायला हवे होते. काही दिवस रागावलोही. पण स्वतःवरचा राग फार वेळ जवळ ठेवता येत नाही, तो कुठेतरी उतरवावा लागतो. माझ्याजवळ उतरवायला योग्य माणूस होता. त्याने ते चौदा रिपोर्ट लिहिले नसते तर माझ्यापुढे तो कागद आलाच नसता. हे मी पुन्हा पुन्हा मांडून पाहिले आणि प्रत्येक वेळी बरोबर आले.

जूनमध्ये तक्रार दिली. उत्तर आले, चौकशी सुरू आहे. मग माझा मोबाईल नंबर ज्या अर्जांवर आहे त्यांच्या नकला मागितल्या, आणि ते बारा कागद नऊ ऑगस्टला मिळाले. पाचव्या पानावर दहावा अर्ज. छत्रीवाल्याला त्यांनी एक छान नाव आणि आडनाव दिले होते, वय पंचेचाळीस, लक्षणे नाहीत, निगेटिव्ह. सहाव्या पानावर अकरावा. त्यालाही नाव होते, आडनाव होते. पुरुष. वय चाळीस. लक्षणे नाहीत. निगेटिव्ह. खाली सही, "समक्ष तपासणी केली".

माझ्या यादीत अकरावा कोण होता हे वाचकांना माहीतच आहे.

घरी येऊन मी तो कागद बायकोला दाखवला. तिने कुत्र्याकडे पाहून म्हटले, "चाळीस? दिसत नाही हो तसा." आणि मग आम्ही दोघे हसलो, खूप वेळ, मला वाटते एप्रिलनंतर पहिल्यांदा.

ती म्हणाली, "आता देऊन टाका हा कागद साहेबाले. एका दिवसात होते काम."

"नाही."

"काहून?"

"आता दिला तर टंकलेखनाची चूक म्हणतील. बंद खोलीत मिटेल. मला त्याले लोकाइत पाहायचं आहे."

तिने कुत्र्यापुढची ताटली उचलली. मग म्हणाली, "तुमी असे नव्हते जी." मी म्हणालो, आता आहो.

दुसरी तक्रार दिली, तिसरी दिली. दोन्हींत सहावे पान लावले नाही. तिसऱ्यावर उत्तर आले की तक्रारीत तथ्य आढळले नाही. ते उत्तरही मी प्लास्टिकच्या पिशवीत घातले. तोपर्यंत तो वर चढला होता. रस्त्यात भेटला की गाडी हळू करून विचारायचा, "काका, बारा पानं वाचून झाली का?" मी म्हणायचो, "चालू आहे." कुत्रा माझ्या अंगणात जाड होत होता. खरे सांगतो, त्याला काही होऊ नये म्हणून मी त्याला इंजेक्शने दिली, रात्री आत बांधला. बायकोला वाटे माझी माया वाढली. मायाही होती, पण मी साक्षीदार सांभाळत होतो.

२०२२ संपत आले तेव्हा बाहेरच्या देशांतून पुन्हा साथीच्या बातम्या आल्या आणि इथे पूर्वतयारीचे आदेश निघाले. प्राणवायूचे यंत्र चालवून पाहा, खाटा मोजा, सराव करा. त्याचसाठी एक सभा बोलावली. सरपंच, शाळांचे मुख्याध्यापक, गिरण्यांचे लोक, दोन-तीन वार्ताहर. गिरणीला पत्र आले आणि मालकाने मला पाठवले. पत्राखाली समन्वयक म्हणून त्या पथकप्रमुखाचेच नाव होते. मी सकाळी कुत्र्याला आंघोळ घातली, त्याला टेम्पोत बसवले आणि सभागृहाबाहेर कडुलिंबाला बांधले. राखणीला बायको.

एक वरिष्ठ अधिकारी मधोमध बसले होते, वयस्क, कमी बोलणारे. तो पडद्यावर एकेक चित्र दाखवत होता. खाटा इतक्या, सिलिंडर इतके. मग म्हणाला, "मागच्या लाटेतलं एक उदाहरण सांगतो. स्टेशन परिसरातले बेघर. तेवीसपैकी तेवीस तपासले. शंभर टक्के. हीच पद्धत या वेळी सगळीकडे वापरायची."

मी हात वर केला. त्याने मला ओळखले आणि हसला. "बोला काका. आमचे जुने मित्र आहेत, सर."

"तेवीसही जणांची तपासणी तुमच्यासमोर झाली?"

"स्वतः उभा होतो."

"प्रत्येकाले पाहिलं?"

"प्रत्येकाले. सही आहे माझी."

"अकराव्या नंबरचा आठवते का? वय चाळीस लिहिलं आहे."

"काका, दीड वर्ष झालं. एवढे चेहरे..."

"हा चेहरा आठवला असता. मी आणला आहे त्याले. बोलावू?"

वरिष्ठ म्हणाले, "बोलवा ना, अवश्य." त्यांना वाटले कोणी आभार मानायला आले आहे.

मी दारात जाऊन हाक मारली. बायको कुत्र्याला घेऊन आत आली. डोक्यावर पदर, हातात साखळी, मधल्या वाटेने सरळ चालत टेबलापर्यंत. मी सहावे पान वरिष्ठांसमोर ठेवले, शेजारी माझ्या वहीचे पान ठेवले आणि मोठ्याने वाचले: पुरुष, वय चाळीस, लक्षणे नाहीत, समक्ष तपासणी केली.

आधी मागच्या रांगेतला एक सरपंच हसला. म्हणाला, "आधार कार्ड आहे का त्याचं?" मग सगळे सभागृह. कुत्रा टेबलाखालचा बिस्किटाचा चुरा खात होता. मी हसलो नाही. मी फक्त त्या समन्वयकाकडे पाहत होतो. त्याच्या मानेवर आधी लाल आणि मग पांढरा रंग आला. मी तो डोळे भरून पाहिला.

"यादी ह्यायनंच दिली होती!" तो ओरडला. "माणसाइच्या यादीत कुत्रा कोणं टाकला? विचारा ह्यायले!"

"वर काय लिहिलं आहे ते वाचा साहेब," मी वरिष्ठांना म्हणालो. त्यांनी चष्मा लावून वाचले, "पत्रावळी." पुन्हा हसणे उसळले. त्यांनी हात वर करून ते थांबवले.

मी म्हणालो, "अकरावा जाऊ द्या. दहावा तपासला होता का? छत्री धरून उभा होता तो."

त्याने पडद्याकडे पाहिले.

"तो मेला. केंद्राच्या दारातून परत पाठवला, तुमच्या रिपोर्टवर. तपासला होता का?"

वरिष्ठांनी त्याच्याकडे वळून पाहिले.  तो म्हणाला, "नाही. दहाव्या माणसाची तपासणी आम्ही केली नव्हती." अगदी माझ्या मनातले शब्द, त्याच क्रमाने. आणि मग न विचारताच पुढे बोलला, आवाज फुटत होता, "चाळीस किट मागितले होते सर. लेखी मागितले होते. हातात दिले नऊ, आदल्या दिवसाचे उरलेले. टार्गेट चाळीस आणि काड्या नऊ. काका, तुमी माह्या जागी काय केलं असतं?"

"नऊ लिहिलं असतं," मी म्हणालो.

वीस महिने ज्या क्षणाची वाट पाहिली तो असा संपला. बायको कुत्र्याला घेऊन बाहेर गेली. चहा आला. वरिष्ठांनी माझ्याकडून कागद मागून घेतले आणि पोच दिली.

चौकशी झाली, या वेळी खरी. माझा जबाब घेताना मी नर्सबाईचा कागद आणि ती सहा मिनिटे सांगितली. जबाब लिहिणारा म्हणाला, "हे कशाला सांगता? ह्याने तुमची बाजू कमजोर होते."

"लिहा."

"तो म्हणेल, तुम्ही सही केली असती तर माणूस वाचला असता."

"तो म्हणेल ते खरं आहे. लिहा."

त्याने लिहिले. मी वाचून सही केली. हे मी स्वतः पाहिले होते.

त्याचे कंत्राट गेले. जमत आलेले लग्नही मोडले असे ऐकले. मला वाईट वाटले नाही. आता तो सिहोऱ्याकडे कुठेतरी खतांच्या दुकानात बसतो. गेल्या हंगामात त्या दुकानाचा ट्रक काट्यावर आला तेव्हा तो चालकाच्या शेजारी बसला होता. मी आकडा स्थिर होईपर्यंत थांबलो, नेहमीपेक्षा थोडा जास्त, पावती लिहिली आणि त्याच्याच हातात दिली. त्याने ती न वाचता खिशात घातली. मी म्हणालो, "वाचून घ्या." त्याने काढून वाचली.

चाळीस मागितल्यावर नऊ का दिल्या, याचा जबाब मी लेखी विचारला. उत्तर आले की त्या काळातील साठ्याच्या नोंदी उपलब्ध नाहीत. चौकशीत छत्रीवाल्याच्या वारसांचा शोध घ्यावा असा एक मुद्दा होता. गाव पाण्याखाली, नाव कोणालाच ठाऊक नाही, म्हणून तो मुद्दा निकाली काढला. मृत्यूची नोंद आहे तशीच राहिली.

न केलेल्या चौदा तपासण्यांची वसुली मात्र झाली. एकेका तपासणीमागे पथकाला दीडशे रुपये मिळाले होते. मार्च २०२४ मध्ये दोन हजार शंभर रुपयांचे चलन भरले गेले. त्याची नक्कल मी मागून घेतली आहे. भरणारा तो. जमा सरकारी तिजोरीत, म्हणजे ज्यांनी चाळीस मागितल्यावर नऊ दिल्या होत्या त्यांच्याकडे.